नेव्हल विंगला जायचंय? परेडच्या आधी पाण्याची तयारी करा

माझा भाचा यंदा एफवायला गेला. परवा रात्री त्याचा फोन. "मावशी, एनसीसीत आर्मी घेऊ का नेव्हल? आणि सोळाशे मीटर किती मिनिटांत पळावं लागतं?"

म्हटलं, "पळशील रे तू. पोहता येतं का ते सांग."

पलीकडे शांतता. रत्नागिरीत जन्मला, मांडवीच्या जेटीवर भेळ खाऊन वाढला, पण कमरेच्या वर पाण्यात कधी गेला नाही. आमच्याकडे अशी घरटी दोन पोरं सापडतील. समुद्र खिडकीतून दिसतो, म्हणून तो आपल्याला येतो असं वाटत राहतं.

मी कॉलेजची तीन वर्षं नेव्हल विंगमध्ये काढली. पेटी ऑफिसर कॅडेट झाले, शेवटी कॅडेट कॅप्टन. आज चिपळूणला एका पतसंस्थेत बसून लोकांच्या ठेवपावत्या करते, त्यामुळे माझ्याकडून शौर्याची भाषणं अपेक्षित धरू नका. पण भाच्याला फोनवर जे तासभर सांगितलं, ते आणखी कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून नीट लिहून काढते.

आधी कागद, कारण ते लवकर उरकतं

एनसीसी सगळ्याच कॉलेजांत नसते, आणि जिथे असते तिथे नेव्हल असेलच असं नाही. प्रवेश घेण्याआधी चौकशी करा. नंतर कॉलेज बदलत बसणं जमत नाही. शाळेतल्या मुलामुलींसाठी ज्युनिअर डिव्हिजन, वय साधारण १३ ते साडेअठरा, मुदत दोन वर्षं. कॉलेजला सीनिअर डिव्हिजन, वयाची कमाल मर्यादा २६, मुदत तीन वर्षं. शाळेत 'ए' प्रमाणपत्र, कॉलेजात दुसऱ्या वर्षी 'बी' आणि तिसऱ्या वर्षी 'सी'. म्हणजे गणित सरळ आहे. 'सी' हवं असेल तर पहिल्याच वर्षी नाव घाला. "एसवायला बघू" म्हणणारे 'बी'वर थांबतात.

कॉलेज सुरू झालं की पहिल्या काही आठवड्यांतच भरतीची नोटीस लागते. एएनओ म्हणजे तुमच्याच कॉलेजातले एनसीसीचे सर किंवा मॅडम. त्यांना शोधून आधी भेटा, नोटीस बोर्डाच्या भरवशावर राहू नका. आधार कार्ड, स्वतःच्या नावाचं बँक खातं, पालकांची संमती आणि डॉक्टरचा दाखला एवढं एका फाइलमध्ये घालून ठेवा. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव एकच आहे ना, ते आजच बघा. आमच्या बॅचला एकीच्या आधारवर वडिलांचं नाव मध्ये नव्हतं. पोरगी धावण्यात पहिली आली होती, आणि पुढचे पंधरा दिवस ती सेतू केंद्रात.

मुलाखत असते, पण घाबरण्यासारखी नाही. एनसीसी कायदा १९४८चा, ब्रीदवाक्य 'एकता और अनुशासन', नौदलाचं ब्रीद 'शं नो वरुणः'. नौदल दिन ४ डिसेंबरला का, हे तर विचारतातच. १९७१च्या युद्धात त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला होता. 'निपात', 'निर्घात', 'वीर' ही त्या नौकांची नावं सांगितलीत तर समोरचे जरा सरसावून बसतात. २०२३चा नौदल दिन मालवणात झाला, आणि २०२२मध्ये नौदलाच्या ध्वजावर जी अष्टकोनी आकृती आली ती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली, हेही माहीत असू द्या. कोकणातल्या पोराला हे येत नसेल तर बरं दिसत नाही.

पोहणं

आमच्या वेळी निवड करताना पोहायला लावलं नव्हतं. पळालो, छाती-उंची मोजली, झालं. पण होडीच्या क्रूमध्ये कुणाला घ्यायचं ठरवताना इन्स्ट्रक्टरांचा पहिला प्रश्न तोच: "स्विमिंग किसको आता है?" ज्यांचे हात वर गेले नाहीत ते बरेच दिवस जेटीवर उभं राहून दोर गुंडाळत राहिले. लाइफ जॅकेट सगळ्यांनाच असतं, प्रश्न त्याचा नाही. ज्याला पोहता येत नाही तो होडीत आखडून बसतो, आणि एक आखडलेला माणूस पाचांच्या लयीचा विचका करतो.

त्यामुळे भरतीला दोन महिने असतील तर ते पळण्यात घालवू नका. मी आजोळच्या विहिरीत शिकले, पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधून. कुणी सुका भोपळा बांधतं, कुणी तेलाचा रिकामा डबा. शहरात असाल तर नगरपालिकेचा तलाव असतो. कुठेही शिका, पण पोहणारं मोठं माणूस काठावर हवंच, आणि समुद्रात शिकायला जाऊ नका. स्टाइलची गरज नाही. पाण्यावर न दमता दहा मिनिटं तरंगता येणं आणि कपड्यांसकट पन्नास मीटर जाता येणं, ही माझी मोजपट्टी. यात तरंगणं जास्त महत्त्वाचं, आणि तेच पोरं टाळतात, कारण त्यात भाव खाता येत नाही.

व्हेलर

नेव्हल विंगची खरी शाळा म्हणजे व्हेलर. सत्तावीस फुटांची होडी, पाच वल्ही; तीन एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला. मागे सुकाणूवर कॉक्सन बसतो. पाच जण वल्हवतात, त्यांची पाठ होडी जाते त्या दिशेला. आपण कुठे चाललोय ते वल्हवणाऱ्याला दिसत नाही, फक्त कॉक्सनला दिसतं. पहिल्या दिवशी सगळे माना वळवून मागे बघत असतात. ते सोडून द्या. समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघा.

मागच्या टोकाला, कॉक्सनच्या समोर बसतो तो स्ट्रोक. लय त्याची. त्याचं वल्हं पाण्यात गेलं की तुमचं गेलं पाहिजे. आधी नाही, नंतर नाही. नवीन पोरांना वाटतं हे दंडाचं काम आहे. दंडाने वल्हवलंत तर दहा मिनिटांत संपाल. हात म्हणजे नुसते दोर समजा. पाय समोरच्या आडव्या फळीला रोवायचे, पुढे वाकायचं, वल्हं पाण्यात घालायचं, आणि मग पायांनी रेटत पाठ मागे न्यायची. हात शेवटी छातीकडे येतात, ते आपोआप. दुसऱ्या दिवशी दंड दुखले तर चुकलात. मांड्या आणि कंबर दुखली तर बरोबर चाललंय.

पातं पाण्यात किती बुडवायचं? पातंच तेवढं. दांडा बुडाला की वल्हं खाली ओढलं जातं आणि पाण्यात अडकतं. होडी पुढे जात असते, वल्हं मागे राहतं आणि त्याची मूठ येऊन बरगडीत बसते. याला क्रॅब पकडणं म्हणतात. पहिल्या महिन्यात मी एवढे क्रॅब पकडले की मिरकरवाड्याला लिलाव लावता आला असता. तसं झालं तर वल्ह्याशी झटापट करू नका. मूठ डोक्यावरून जाऊ द्या, कॉक्सन सगळ्यांना थांबवतो, मग सावकाश सोडवा.

आता हात. फोड येणारच. बोटांच्या मुळाशी, चारही बोटांना, आणि एक अंगठ्याच्या आतल्या बाजूला. वल्हं करकचून आवळू नका. बोटं आकड्यासारखी अडकवायची, मूठ वळायची नाही. फोड फोडू नका. फुटलाच तर गोड्या पाण्याने धुवा आणि कोरडा ठेवा. आमच्यातल्या एकीने हातमोजे आणले होते. ओले झाल्यावर ते आतल्या आत सरकायला लागले आणि तिचे फोड आमच्या दुप्पट झाले. अंगठी, कडं, दोरे घरी ठेवून या. महिनाभरात तळवा घट्ट होतो. त्या वर्षी हळदीकुंकवाला वाण घेताना एका काकूंनी माझा हात धरून विचारलं होतं, "शेतात राबतेस की काय गं?"

ऑर्डर इंग्रजीत असतात, त्या तोंडपाठ करा: 'गिव्ह वे टुगेदर' म्हणजे वल्हवायला लागा, 'ओअर्स' म्हणजे थांबून वल्ही आडवी धरा, 'होल्ड वॉटर' म्हणजे पाती पाण्यात रोवून होडी अडवा, 'बॅक टुगेदर' म्हणजे उलटं वल्हवा. जेटीला लागताना 'होल्ड वॉटर' ऐकू न आल्यास काय होतं ते होडीच्या नाळेवरचे, म्हणजे पुढच्या टोकावरचे, ओरखडे बघून कळतं.

तिथी बघा

हे मला कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. भाट्याच्या खाडीत एका बाईने शिकवलं.

दुसऱ्या वर्षी स्पर्धेच्या तयारीसाठी जादा सराव करायचा ठरला. वेळ ठरवायचं काम माझ्याकडे. मी कॉलेज सुटण्याचा हिशोब धरला आणि साडेचारची वेळ दिली. इन्स्ट्रक्टर होते, लाइफ जॅकेट होती, सगळं रीतसर. खाडीत आत जाताना बरं चाललं होतं, म्हणजे जरा जड जात होतं, पण आम्हाला वाटलं आज जोर कमी पडतोय. सहाच्या सुमारास परत वळायला गेलो तर खालून खरखर आवाज आला आणि होडी थांबली. वाळूच्या दांड्यावर. पाणी बघता बघता उतरत होतं. आम्ही घोट्याएवढ्या पाण्यात उतरून सत्तावीस फुटांचं धूड ढकलतोय, पाय चिखलात पोटरीपर्यंत जातायत, आणि शेजारी ओहोटीवर मुळे, म्हणजे शिंपले, काढायला आलेल्या बायका कमरेवर हात ठेवून बघतायत. त्यातली एक म्हणाली, "पोरींनो, तिथी बघून येत नाही काय गो?"

मग तिनेच सांगितलं. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. त्या दिवशी होती तीज. तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. म्हणजे सव्वादोनला भरती पूर्ण, आणि पुढचे सहा तास पाणी उतरत जाणार. आम्ही निघालो साडेचारला, भर ओहोटीत, आणि गेलो खाडीच्या वर. म्हणून आत जाताना होडी जड लागत होती; समोरून पाणी येत होतं. अष्टमीला आठ त्रिक चोवीस भागिले चार, सहा वाजता भरती. दोन्ही पक्षांना हाच हिशोब. प्रतिपदेपासून पंधरापर्यंत मोजायचं, पुढे पुन्हा एकपासून. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी.

वीसेक मिनिटं इकडेतिकडे होतं. अधिकृत वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक असतं, युनिटमध्ये तेच वापरतात आणि तुम्हीही तेच वापरा. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरून मनातल्या मनात अंदाज बांधता येणं ही वेगळी गोष्ट. त्या दिवसानंतर सरावाची वेळ मी तिथी बघितल्याशिवाय दिली नाही. आजही ठेवपावतीवर तारीख घालताना डोळा तिथीकडे जातो.

बाकीचं

सेमाफोर म्हणजे दोन झेंड्यांनी अक्षरं दाखवायची. सगळे घाबरतात, पण त्यात एक रचना आहे. पहिल्या चक्रात एकच हात हलतो. उजवा हात तिरपा खाली 'ए', आडवा 'बी', तिरपा वर 'सी', सरळ डोक्यावर 'डी'. मग डावा: तिरपा वर 'ई', आडवा 'एफ', तिरपा खाली 'जी'. सात अक्षरं झाली. दुसऱ्या चक्रात एक हात 'ए'च्या जागी ठेवायचा आणि दुसरा 'बी'पासून 'जी'पर्यंतच्या जागांवरून न्यायचा: एच, आय, के, एल, एम, एन. 'जे' तिथे येत नाही, त्याची जागा वेगळी. एका दिवशी एकच चक्र करा. आरशासमोर सराव करू नका, उलटं पाठ होतं. मैत्रिणीला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं करा. आम्ही हॉस्टेलच्या गच्चीवरून कॅन्टीनला 'सीएचएएचए' पाठवायचो. कॅन्टीनवाल्या काकांना शेवटी शेवटी वाचता यायला लागलं होतं.

शिप मॉडेलिंग हाताला गोडी असेल त्याने घ्यावं. त्यात संध्याकाळच्या संध्याकाळ जातात. मी त्या वाटेला गेले नाही.

गणवेशाबद्दल मात्र बोलायला हवं. पांढरा शुभ्र गणवेश आणि कोकणातली तांबडी माती, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. परेडला येताना पॅन्ट पिशवीत घालून आणा आणि कॉलेजात बदला. मातीचा डाग लागला तर आधी पूर्ण वाळू द्या, झटका आणि मग साबण. ओला चोळलात तर कायमचा. नीळ जपून, जास्त झाली की उन्हात आकाशी दिसते.

सुट्ट्यांतली दहा दिवसांची वार्षिक शिबिरं चुकवू नका. त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि परेडची ७५ टक्के हजेरीही लागते. चांगलं काम केलंत तर नौसैनिक कॅम्पच्या निवडीत येता. तिथे बोट पुलिंग म्हणजे वल्हवणं, सेमाफोर, ड्रिल, फायरिंग, मॉडेलिंग यांच्या राज्याराज्यांत स्पर्धा होतात. मेन्यू नावाची शिडाच्या होड्यांची मोहीमही असते. पूर्ण नाव 'मोस्ट एंटरप्रायझिंग नेव्हल युनिट', जेवणाशी संबंध नाही. व्हेलरला डोलकाठ्या उभ्या करून, शिडं लावून दिवसच्या दिवस किनाऱ्याने जायचं, रात्री बंदरात मुक्काम. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा, दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा, हे शाळेच्या भूगोलात वाचलेलं तिथे गालावर कळतं. दुपारी बारा-एकच्या दरम्यान एक वेळ अशी येते की एक वारा पडलेला असतो आणि दुसरा उठलेला नसतो. शीड ओल्या धोतरासारखं लोंबत राहतं. तेव्हा पुन्हा वल्ही काढायची. मोहिमेवर जाताना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, नाडीवाली टोपी आणि मान झाकायला पंचा घ्या. पाण्यावर ऊन दोनदा लागतं, एकदा वरून आणि एकदा खालून.

नौदलाच्या जहाजावर राहायची संधी मिळाली तर बोट लागेल का ही भीती ठेवू नका. लागते बऱ्याच जणांना, नौदलातल्यांनाही. रिकाम्या पोटी जाऊ नका, कोरडं काहीतरी खा, आलेपाक खिशात ठेवा, आणि बंद खोलीत पडून न राहता डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा. ओकारी आलीच तर वारा कुठून येतोय ते बघून बाजू निवडा. हे मी स्वतःच्या नाही, पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या अनुभवावरून सांगते. त्याच्या मागे मी होते.

'सी'चं पुढे काय, हे आईवडील विचारतात आणि त्यांनी विचारावंच. 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असलेल्या पदवीधरांना लष्कराच्या एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, जाता येतं. नौदलाच्या शॉर्ट सर्व्हिसच्या जाहिरातींतही 'सी'वाल्यांच्या सवलतीची ओळ असते, ती नीट वाचा. मर्चंट नेव्ही मात्र पूर्ण वेगळी वाट आहे. तिथे आयएमयूची म्हणजे इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी, मग नेरूळच्या चाणक्यसारख्या संस्थेत प्रशिक्षण. एनसीसी केली म्हणून जहाजावर नोकरी लागते असं सांगणारा एजंट भेटला तर चहाही घेऊ नका. आणि कॉलेजात नेव्हल नसेलच, तर मुंबईकरांना कुलाब्याची सी कॅडेट कोअर आहे, ती स्वयंसेवी संस्था आहे. स्काउटमध्येही सी स्काउट असतात.

एक गाठ, एनसीसीत नाव घालायच्या आधीच

सगळ्या गाठींत बोलाइन आधी शिका. तिचा फास सरकत नाही, कितीही ताण आला तरी आवळत नाही, आणि काम झालं की सहज सुटते. पाण्यात पडलेल्या माणसाकडे दोर फेकायचा तो बोलाइन मारूनच. फास आवळणारी गाठ असेल तर माणूस वर येईल, पण श्वास कोंडून.

दोराचा लांब भाग डाव्या हातात. त्यावर एक छोटा वेढा घाला, मोकळं टोक वरच्या बाजूने राहील असा. टोक त्या वेढ्यातून खालून वर काढा, लांब दोराच्या मागून फिरवा आणि पुन्हा त्याच वेढ्यात वरून खाली घाला. आता ओढा. चुकलात तर लगेच कळतं, गाठ पडतच नाही. खाटेच्या पायाला बांधून बघा. मग डोळे मिटून, मग हात पाठीमागे नेऊन, मग दोर बादलीत भिजवून. ओला दोर निसरडा लागतो आणि होडीत दोर ओलाच असतो.

भाच्याला मीटरभर नायलॉनचा दोर खिशात ठेवायला सांगितलाय, करंगळीएवढ्या जाडीचा, टोकं मेणबत्तीवर धरून वितळवलेली. तो म्हणाला घरात सुतळी आहे. सुतळी नको. तिची गाठ भिजली की दातांनीसुद्धा सुटत नाही.